पायरी ओळखून राहावे

(यात्रा कंपनीबरोबर काशीला निघालेल्या नवशिक्या सिस्टरांसाठी सोपी मार्गदर्शिका)

"तुम्ही नुसत्या बरोबर चला सिस्टर. चाळीस ज्येष्ठ नागरिक आहेत, जरा लक्ष ठेवायचं, बाकी काही नाही." यात्रा कंपनीच्या मालकाने असं म्हणून तुमचं तिकीट फुकट केलं असेल, तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे. त्या 'बाकी काही नाही'मध्ये काय काय येतं, ते खाली सात पायऱ्यांत सांगितलं आहे. पायऱ्या ओल्या आहेत, जपून उतरा.

वर्गाची जागा : अहिल्याबाई घाट, वाराणसी. एका अंगाला मुन्शी घाट, दुसऱ्या अंगाला शीतला घाट, त्याला लागून दशाश्वमेध. याचं जुनं नाव केवलगिरी घाट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधून काढला. नाव वाचून मराठी माणसाला इथे माहेरी आल्यासारखं वाटतं. सिस्टरांनी तसं वाटून घेऊ नये. कारण दुसऱ्या पायरीवर येईल.

साहित्य : बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, ओआरएसच्या पुड्या, बँडेज, एक जाड वही, दोन पेनं. दोन अशासाठी, की एक डॉक्टर मागून घेतात आणि खिशाला लावून जातात.

पायरी १ : आपण कोण, ते ठरवा

१९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून एक अभ्यासक्रम सुरू केला. तिथून 'नर्स प्रॅक्टिशनर' हा शब्द निघाला. तपासणारी, निदान करणारी, औषध लिहिणारी नर्स.

तो शब्द आपल्याकडेही येऊन पोचला आहे. अतिदक्षता विभागासाठी पदवीनंतरचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे. बाळंतपणांसाठी 'नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ' तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०१८ मध्ये काढली. गावच्या उपकेंद्रात सहा महिन्यांचा कोर्स करून बसलेल्या समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. आणि २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३२ मधल्या फळीतल्या आरोग्यसेवकाला मर्यादित परवाना देता येईल असं म्हणतं : प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरावीक औषधं स्वतः लिहा, त्यापलीकडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हे परवाने नोंदणीकृत डॉक्टरांच्या संख्येच्या एक तृतीयांशावर जाता कामा नयेत, हेही तिथेच लिहून ठेवलं आहे.

आता आरशात पाहा. तुम्ही यांपैकी कोणी आहात का? नाही. तुम्ही बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं वॉर्डात काढलेल्या. यात्रेकरूंच्या लेखी मात्र तुम्ही 'आपल्या डॉक्टरीणबाई'. हे संबोधन पहिल्याच दिवशी, बसमध्येच, माइकवरून दुरुस्त करून घ्या. टाळ्या कमी पडतील, पण पुढचं सोपं जाईल.

पायरी २ : परवाना तपासा

घाटावर छत्रीखाली बसलेल्या घाटियाला, म्हणजे घाटावरच्या पंड्याला, कोणाचं रजिस्ट्रेशन लागत नाही. कानातला मळ काढून देणारा कापूस आणि सळई घेऊन समोरून जातो, तुमच्या कानाकडे बघत. त्याला संमतीपत्र लागत नाही. मालिशवाला तर मणक्यापर्यंत हात घालतो. तुम्हाला मात्र दोन्ही लागतात. आणि तुमचं नाव आहे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात. उभ्या आहात उत्तर प्रदेशात. इथे नोकरी धरायची तर इथल्या कौन्सिलकडे नोंद करावी लागते. घाट होळकरांचा असला तरी रजिस्टर लखनौला आहे.

'पण मी तर सेवा म्हणून करतेय' असं म्हणू नका. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली आणि सगळ्यांना सरसकट मोफत दिलेली सेवा तेवढी बाहेर ठेवली. फुकट तिकीट हा मोबदला की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी उत्तम बोलू शकतात. म्हणून मालकाकडून एका कागदावर चार ओळी लिहून घ्या : काय करायचं, काय नाही, गरज पडली तर कोणत्या डॉक्टरांना फोन. मालक हसतील. हसू द्या, सही घ्या.

पायरी ३ : साखर द्यावी, सल्ला देऊ नये

प्रात्यक्षिक. सकाळचे साडेसहा. स्नानाला उतरलेले नाना मटकन खाली बसतात. दरदरून घाम, हात थरथरतायत, शब्द अडखळतायत.

"नाना, सकाळपासून काही खाल्लंत?"

"दर्शनाआधी कसं खाणार?"

"आणि साखरेची गोळी?"

"ती घेतली. डॉक्टरांनी चुकवायची नाही म्हणून बजावलंय."

ग्लुकोमीटर म्हणतो, ५४. काकू पिशवीतून प्रसादाचा पेढा पुढे करतात. थांबवा. पेढ्यात खवा असतो, त्याची साखर रक्तात चढायला वेळ लागतो. चहावाल्याकडून तीन चमचे साखर मागा, अर्ध्या पेल्यात ढवळा. नाना शुद्धीवर आहेत आणि गिळता येतंय याची खात्री करून पाजा. पंधरा मिनिटांनी परत टोचा. ८८. आता पेढा चालेल.

इथवर तुम्ही निर्धास्त. साखर शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत, येत नाही. पण आता नाना विचारतात, "मग सिस्टर, उद्यापासून गोळी अर्धी करू का?"

उत्तर तुमच्या जिभेवर आहे. ते तिथेच ठेवा. १९९६च्या पूनम वर्मा खटल्यात मुंबईच्या एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जी पद्धती शिकला नाहीत ती वापरलीत, हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा नको. तो निदान कुठल्या तरी पॅथीचा डॉक्टर होता.

तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले जोशीकाका म्हणतात, "अहो, बिनधास्त अर्धी करा. माझ्या साडूने तेच केलं." जोशीकाकांवर कोणतंही कौन्सिल नाही.

पायरी ४ : फोन लावा आणि वही उघडा

नानांच्या गावच्या डॉक्टरांना फोन लावा. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे हे चालतं : सल्ला नोंदणीकृत डॉक्टरांनी द्यायचा, रुग्णाजवळ बसून तब्येत सांगायचं काम नर्सने केलं तरी हरकत नाही. डॉक्टरांनी सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवायचा असतो. तो मागून घ्या. संकोच करू नका.

या व्यवसायातली दोन वाक्यं इथे पाठ करा. पहिलं रात्री अडीच वाजता फोनवर येतं : "तुम्हीच बघा ना सिस्टर, तुम्हाला कळतंय सगळं." दुसरं सकाळी दहा वाजता टेबलापलीकडून येतं : "तुम्ही कोणाला विचारून दिलंत?" दोन्ही वाक्यं पुष्कळदा एकाच तोंडून येतात. नर्सिंगचा सगळा कायदा आणि सगळी नीती या साडेसात तासांत मावते.

उपाय एकच. तोंडी ऑर्डर मिळाली की ती फोनवर परत वाचून दाखवा, वेळ टाका, नाव टाका, मग गोळी. 'सकाळी सही करतो' म्हणणाऱ्यांना सकाळी शोधून काढा. जे लिहिलं नाही ते केलं नाही, हे तुमच्या ट्यूटरबाई सांगत. एक त्यांनी सांगितलं नाही : न केलेलंही लिहायचं असतं. 'गोळीचा डोस बदलण्याबाबत विचारणा; सल्ला दिला नाही; डॉक्टरांशी बोलण्यास सांगितले.' हे वाक्य कधी तरी तुमची नोकरी वाचवील.

पायरी ५ : ज्यांना परत यायचं नाही त्यांच्याशी बोलावं

ही पायरी खोल आहे, सावकाश उतरा. यात्रेत एक आजी असतातच. छातीत दुखतंय हे त्यांनी तुम्हाला सांगितलंय आणि मुलाला सांगू नको म्हणून हात धरलाय. "इथेच आलं तर सोनं होईल गं." कबीरचौऱ्याचं सरकारी रुग्णालय जवळ आहे, बनारस हिंदू विद्यापीठाचं मोठं आहे, आजींना दोन्हीकडे जायचं नाही.

नियम असा. शुद्धीत असलेल्या, समजून उमजून बोलणाऱ्या सज्ञान माणसाचा नकार हा नकारच; मुलगा कितीही मोठा अधिकारी असो. पण नकार ऐकण्याआधी काय होतंय, उपचाराने काय होईल, न केल्याने काय होईल, हे आजींना त्यांच्या भाषेत सांगावं लागतं. २००८च्या समीरा कोहली निकालाने संमतीचा हाच अर्थ सांगितला : माहिती आधी, सही नंतर. 'काशीवास' हा कायद्याचा कागद नव्हे. आपल्याला यंत्रांवर ठेवू नये असं आधी लिहून ठेवायची सोय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने केली आणि २०२३ मध्ये ती सोपी झाली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

आणि कोणी म्हणालं की असल्या प्रश्नांत नर्सचं काय काम, तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण द्या. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ला त्या गेल्या तोवर केईएमच्या नर्सांच्या पिढ्यांनी त्यांना न्हाऊमाखू घातलं, भरवलं. त्यांना मरू द्यावं का या प्रश्नावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या माणसांचा मानला. त्यांनी नाही म्हटलं. त्या उत्तरावर मतभेद असू शकतील. पण उत्तर द्यायचा हक्क हातांनी कमावलेला होता.

आजींचं ऐका, लिहा, डॉक्टरांना कळवा. आणि हात सोडू नका.

पायरी ६ : तोंड बंद, फोन खिशात

घाटावर गुपित राहत नाही. नाववाला विचारील, माताजींना काय झालं? चहावाला साखरेचा हिशेब विचारील. सर्वांत धोकादायक म्हणजे 'काशी यात्रा परिवार' हा व्हॉट्सॲप ग्रुप. नाना घामाघूम बसलेले असताना जोशीकाका फोटो टाकतील आणि पुण्याहून अंगठे येतील. फोटो काढून टाकायला लावा. नानांची साखर नानांची आहे. त्यांनी आभार म्हणून पाचशेची नोट पुढे केली तर ती गंगेला वाहायला सांगा. गंगेची पावती लागत नाही, तुमची लागेल.

पायरी ७ : घसरल्यास काय होतं

ही शेवटची पायरी, पाण्याखालची, शेवाळलेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून उपचार करताना तसं झालं, तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत कोणाला, ते खाली स्पष्टीकरणात दिलं आहे : वैद्यकीय पदवी असलेला, डॉक्टरांच्या रजिस्टरात नाव असलेला. नर्सांचं रजिस्टर त्यात नाही.

म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच रात्री, एकच चूक. "तुम्हीच बघा ना" म्हणणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षं, बघणारीला पाच.

समारोप

१९४७च्या नर्सिंग कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा कायदा संमत झाला. त्याला नाव मोठं आहे, त्यात आयोग आहे, राष्ट्रीय रजिस्टर आहे. वॉर्डातल्या आणि घाटावरच्या बाईला त्याहून साधी वस्तू हवी आहे : तिने काय करावं, काय करू नये आणि केलं तर तिच्यामागे कोण उभं राहील, हे लिहिलेला कागद. नर्सला पायरी ओळखून राहायला सांगणाऱ्यांनी आधी ती बांधून द्यावी. अहिल्याबाईंनी निदान दगडाची दिली.

तोवर, सिस्टर, नानांना नाश्ता करूनच खाली आणा. आणि वही ओली होऊ देऊ नका.