सिग्नल फेल

डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत मी गेल्या वर्षी सात सेन्सर बसवले. सातांपैकी पाच चालतात. कुठले पाच, ते रोज बदलतं.

संडासातला दिवा घ्या. कुणी आत गेलं की लागतो, हालचाल थांबली की विझतो. या सेन्सरला माणूस दिसत नाही, माणसाच्या अंगातल्या उष्णतेची हालचाल दिसते. बाबा पेपर उघडून स्थिरावले की त्याच्या लेखी बाबा नाहीतच. मग अंधारात दोन्ही हात वर करून हलवायचे, गर्दीच्या फलाटावर पाहुण्याला खुणावतात तसे. एप्रिलात तर भिंत आणि बाबा जवळजवळ एकाच तापमानाचे होतात, मग बिचाऱ्याला काहीच उमगत नाही. हॉलसाठी म्हणून रडारवाला आणला. तो श्वासाबरोबर हलणारी छातीसुद्धा टिपतो. पडदाही टिपतो, पंखाही टिपतो. हॉलचा दिवा आता विझतच नाही.

आणि आई. ‘खोलीतून बाहेर पडताना दिवा मालव’ हे तिनं मला तीस वर्षं शिकवलं, आणि स्मार्ट बल्बची पहिली अट म्हणजे भिंतीवरचं बटण कायम चालू हवं. बटण बंद केलं की बल्ब मेला, आणि त्याच्या भरवशावर शेजारच्या सेन्सरचा निरोप पुढे जात असेल तर तोही मुका. ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी मी बटणावर चिकटवली. आईनं चिठ्ठी वाचली आणि बटण बंद केलं. बटणच स्मार्ट बसवावं म्हटलं, तर जुन्या बोर्डात न्यूट्रलची वायर नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, भिंत फोडावी लागेल. आईनं त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

हे सगळं मी सोसलं. टाकीनं मात्र घात केला. माळ्यावरच्या टाकीत पातळी मोजणारा सेन्सर आहे. मोबाइल म्हणाला, ८० टक्के. दुसऱ्या दिवशीही ८० टक्के. तिसऱ्या दिवशी बाबा साबण लावून उभे, आणि नळातून नुसती हवा. सेन्सरचा सेल दोन दिवसांपूर्वीच संपला होता. अ‍ॅप मात्र शेवटचा आकडा इमानेइतबारे दाखवत बसलं होतं.

त्याच संध्याकाळी ठाण्याहून परतताना लोकल मुंब्र्याच्या पुढे थांबली. सिग्नल फेल. डबाभर शिव्या. मीही दिल्या, मग एकदम गप्प झालो. रुळांतला सेन्सर म्हणजे ट्रॅक सर्किट, १८७२ सालची युक्ती. रुळांतून बारीकसा विद्युतप्रवाह सतत वाहत असतो आणि त्यानं रिले, म्हणजे विजेनं हलणारा स्विच, उचलून धरलेला असतो. गाडी आली की तिची चाकं-आस दोन रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परततो, रिले पडतो, सिग्नल लाल. पण रूळ तुटला, वायर कापली गेली, वीज गेली, पावसाचं पाणी साचून प्रवाह गळाला, तरी रिले पडतोच. आता अनेक ठिकाणी चाकं मोजणारी यंत्रं आली आहेत, पण शंका आली की लाल, हा दंडक तोच. आपण ज्याला ‘सिग्नल फेल’ म्हणून शिव्या घालतो, ते बरेचदा यंत्राचं प्रांजळपण असतं: मला कळत नाही, तेव्हा थांबा. दीडशे वर्षांपूर्वीच्या रिलेला जे जमलं ते माझ्या हजारो रुपयांच्या टाकीला जमलं नव्हतं. कळत नसताना ती ८० टक्के म्हणत होती.

(असं ८० टक्के म्हणणारे ऑफिसातही दोघे आहेत. त्यांचे सेल कुणी बदलत नाही.)

रविवारी बसून नवं ऑटोमेशन लिहिलं. कुठलाही सेन्सर दोन तास बोलला नाही की हॉलचा बल्ब लाल. सोमवारी संध्याकाळी दारात पाऊल टाकलं तर घर लालेलाल. आई वाती वळत बसली होती.

‘‘झालं का?’’ ती म्हणाली, ‘‘आता घरातही सिग्नल फेल.’’

आणि उठून तिनं बटण बंद केलं.