कोरड्या बंदराचे भरतीशास्त्र

समुद्राशिवाय बंदर असू शकत नाही, ही भूगोलाच्या जुन्या पुस्तकांतील समजूत विकासशास्त्राने केव्हाच मोडीत काढली आहे. ‘कोरडे बंदर’ म्हणजे परदेशी मालाचे कंटेनर समुद्रापासून दूर, रेल्वेच्या रुळांलगत उतरवून सीमाशुल्काचे सोपस्कार उरकण्याची जागा. तशी एक नागपुरात अजनीला आहे आणि वर्धा जिल्ह्यातील सिंदीला जवाहरलाल नेहरू बंदराने दुसरी योजली आहे. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाल्यापासून तर समुद्र केवळ टोल भरण्याइतकाच दूर उरला आहे. या सगळ्या गलबल्यात नागपूरच्या इतवारी बाजारपेठेचे नांदते बंदर अभ्यासकांच्या नजरेतून निसटले, ते बहुधा त्याचे भूमिपूजन कोणी केले नाही म्हणून.

इतवारी हे शास्त्रशुद्ध बेट आहे. तिच्या एका अंगाला सेंट्रल अव्हेन्यू असून डिसेंबर २०२२ पासून त्यावरून मेट्रो धावते. ती काठाकाठाने जाते, आत शिरत नाही, आणि आतल्या ओळी, म्हणजे एकेका जिन्नसाच्या व्यापाराला वाहिलेल्या गल्ल्या, पाहिल्यावर तिच्या शहाणपणाची खात्री पटते. दुसऱ्या अंगाला रेल्वे आहे. नागभीडकडे जाणारी ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवरची छोटी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. स्थानकाच्या नावाला मात्र नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव जोडून झाले, कारण रुळापेक्षा पाटी रुंद करणे सोपे असते.

बंदराला धक्का लागतो, आणि तो इतवारीत पायी चालणाऱ्या कोणालाही विनामूल्य मिळतो. मिरची बाजाराच्या तोंडाशी लाल मिरचीच्या पोत्यांनी लादलेला हातठेला एका बाजूने ई-रिक्षा आणि दुसऱ्या बाजूने निवांत रवंथ करणारी गाय यांच्यामध्ये नांगर टाकून उभा राहतो, ठेलेवाला खांद्यावरच्या दुपट्ट्याने घाम पुसत ‘सरक ना बाप्पा’ असे गाईला विनवतो, मागच्या दहा गाड्या एकदम भोंगे वाजवतात, आणि तेवढ्यात मिरचीच्या खकाण्याने सगळी ओळच शिंकू लागते. मालाच्या या चढउतारात सल्लागार संस्थेच्या अहवालाला जागा मिळू शकत नाही. पोत्यावर ठेवला तर तो घसरतो, आणि पोत्याखाली ठेवला तर निदान तेवढा उपयोगी पडतो.

दिवाळीला येथे भरती येते. ओहोटीचा अनुभव नसल्यामुळे पार्किंग, म्हणजे गाडी सोडून चालता येईल अशी जागा, ही संकल्पना स्थानिकांना नकाशावरच दाखवावी लागते.

तक्रारीसाठी मात्र बेटावर खिडकीपेक्षा जुनी सोय आहे. १८८१ पासून तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी मारबत निघते. रोगराई आणि इडापीडा गावाबाहेर नेणारा हा पुतळा आणि त्याच्यासोबतचे बडगे, म्हणजे वर्षभरातल्या सार्वजनिक पीडांची टिंगल करणारे पुतळे, मिरवून शेवटी जाळले जातात. कोरड्या बंदराचा बडग्या करायचा झाल्यास कारागिरांपुढे अडचण एकच येईल: तो ज्या ओळीतून न्यायचा, तिथे हातठेला अजून उभाच असेल.