एकशे ऐंशी वॉटचा माणूस

आमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर ७५० वॉटचा आहे. गिझर २,००० वॉटचा. हॉलमधला पंखा जुना, तो ७५ वॉट खातो. आणि मी १८०. माझा आकडा जानेवारीतल्या एका सकाळी ठरला. त्याला साक्षीदार म्हणून फक्त कामाच्या मावशी होत्या. माझ्या तोंडाचा रंग बघून त्यांनी विचारलं, "दादा, पाणी देऊ, का वहिनींना फोन लावू?"

पुण्यात पावसाळ्याचे चार महिने सायकल न काढायला सबब मिळते. ती कायमची मोडावी म्हणून मी ट्रेनर घेतला. सायकलचं मागचं चाक काढायचं, साखळी त्या यंत्रावर चढवायची आणि गॅलरीत जागच्या जागी पायडल मारत बसायचं. पायांना किती जोर लावायला लावायचा ते यंत्र ठरवतं, पण आपली कुवत किती हे आधी त्याला सांगावं लागतं. त्या कुवतीला सायकलवाले एफटीपी म्हणतात: साधारण तासभर टिकवता येईल असा जास्तीत जास्त जोर, वॉटमध्ये मोजलेला. अँड्र्यू कॉगन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही कल्पना रूढ केली. हंटर ॲलन यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक २००६ साली आलं. आता आमच्या मंडळींत "एफटीपी किती?" हा प्रश्न "पगार किती?"च्या निरागसपणे विचारला जातो, आणि उत्तरंही तितकीच खरी मिळतात.

कुवत मोजायला सरळ तासभर जीव तोडावा, हे कोणालाच परवडत नाही. म्हणून आडवाटा निघाल्या. एक म्हणजे वीस मिनिटं जमेल तितकं झोडपायचं आणि सरासरीचे ९५ टक्के धरायचे. दुसरी रॅम्प टेस्ट: दर मिनिटाला वॉट चढत जातात, पाय थांबले की परीक्षा संपली. सगळ्यात जोरकस मिनिटाचे ७५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी. मी दुसरी निवडली, कारण तिच्यात हाल थोडा वेळ होतात. दोन दिवस पायांना आराम दिला होता, गॅलरीत हवा गार होती, कॉफी कडक होती. शेवटचं मिनिट २४० वॉटचं निघालं. पाऊण पट केल्यावर १८०. त्या दिवशी ऑफिसात लिफ्ट सोडून मी जिन्याने गेलो.

मग एप्रिल आला. ॲपमधल्या सरावाच्या कार्यक्रमात लिहिलं होतं: वीस मिनिटं १७१ वॉट, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा वीस मिनिटं १७१. कागदावर मजकूर अगदी निरुपद्रवी दिसतो.

पहिली वीस मिनिटं गेली. कशी गेली ते सांगत नाही. दुसऱ्या खेपेच्या सहाव्या मिनिटाला घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळला, आणि तो पडेपर्यंत किती सेकंद गेले हे मी मोजलं. अकरा. रस्त्यावर असं होत नाही. खडकवासल्याकडे जाताना उतार लागतो, सिग्नल लागतो, कोणी ओळखीचा भेटला तर चहाच होतो. ट्रेनरवर पाय सोडून द्यायला उतार नसतो, आणि वाराही नसतो. पायडलवर १७१ वॉट पोचवायला शरीर त्याच्या चौपटीहून जास्त खर्च करतं. बाकीची सगळी उष्णता, म्हणजे जवळजवळ ६०० वॉट. एप्रिलच्या संध्याकाळी मी बंदिस्त गॅलरीत एक तापलेली इस्त्री होऊन बसलो होतो, आणि समोर टेबलफॅन मान हलवून नाही-नाही म्हणत होता.

आठव्या मिनिटाला पाय मंदावले. यंत्राचा हिशेब मात्र पक्का. मिनिटाला ९० फेऱ्या होत असतील तर जोर माफक लागतो. त्या ६० वर आल्या, तर तेवढेच वॉट वसूल करायला यंत्र जोर दीडपट करतं. मग पाय आणखी मंदावतात, यंत्र आणखी आवळतं. सावकारी ती हीच: हप्ता चुकला की व्याज चढतं, व्याज चढलं की पुढचा हप्ता चुकतो. तेवढ्यात आतून कुकरची तिसरी शिट्टी झाली. "मी बंद करतो गॅस!" असं ओरडून मी उतरलो. आत गेलो तर बायको ओट्यापाशीच उभी होती.

त्या महिन्यात मी गॅस बंद केला, दोन कुरिअर घेतले, सोसायटीच्या वॉचमनशी पाण्याच्या टँकरबद्दल बोललो. एकदा तर मनापासून वाटलं, लाइट जावी. लाइट गेली की यंत्राचा जोर जातो, आणि अब्रू राहते.

बायको शाळेत गणित शिकवते. शेवटी तिने माझा पेपर तपासायला घेतला.

"एका मिनिटावरून तासाचं भाकीत?"

"पाऊण पट करून."

"सगळ्यांनाच पाऊण पट? म्हणजे जो शेवटी जीव खाऊन धावतो त्यालाही, आणि जो सावकाश पण तासन्‌तास चालतो त्यालाही?"

मी गप्प. नेमका मी पहिल्या जातीचा आहे. बस सुटताना मी कोणालाही हरवीन, तिच्यामागे दुसऱ्या स्टॉपपर्यंत धावणार नाही.

"शिवाय परीक्षा थंडीत, सकाळी, विश्रांती घेऊन. अभ्यास एप्रिलमध्ये, ऑफिसातून आल्यावर. आमच्याकडे याला पेपर सोपा काढला म्हणतात."

विषय बदलावा म्हणून मी तासाची थोरवी सांगायला घेतली. एडी मर्क्स या बेल्जियमच्या सायकलपटूने १९७२ साली मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले होते. ती म्हणाली, "आणि तू?" मी गॅलरीकडे बघितलं. तांत्रिकदृष्ट्या शून्य.

मे महिन्यात वीस मिनिटांची परीक्षा दिली, तीही संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर. सरासरी १७४. त्याचे ९५ टक्के १६५. ॲपमध्ये १८० खोडून १६५ लिहायला मला तीन दिवस लागले. मध्ये एकदा १७२ लिहून बघितलं, तडजोड म्हणून. शेवटी १६५ लिहिलं, आणि मित्रांच्या ग्रुपवर काहीच लिहिलं नाही.

नव्या हिशेबाने वीस-वीस मिनिटांचे वॉट झाले १५७. दुसऱ्या खेपेचं आठवं मिनिट आलं, गेलं. कुकर वाजला, वाजू दे म्हटलं. बाराव्या मिनिटाला बाहेर अंधारून आलं, वळवाचा वारा सुटला, समोरच्या गच्चीवरचे कपडे काढायला कोणीतरी धावत आलं. अठरा मिनिटं झाली. फेऱ्या अजून ८८. आत मिक्सर सुरू झाला. मी पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता पाऊस बघत होतो.

आणि लाइट गेली.

टेबलफॅन थांबला. पायाखालचा जोर एकदम नाहीसा झाला, पायडल रिकामे गरगर फिरायला लागले. अंधारात फोन तेवढा चालू होता, त्याच्यावर शून्य वॉट. मी फिरवतच राहिलो.

"अरे, थांब आता," आतून आवाज आला. "लाइट गेलीये. माझी चटणी अर्धीच राहिली."

"माझी दोन मिनिटं राहिलीत," मी म्हणालो.