आटपाट नगरात आठवणींचा खेळ कसा खेळावा

दिवाळीला पुण्याहून भाचा येतो, काखेत खोका. आत पट, सोंगट्या, चित्रांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी उचलायची, गोष्टीत एक वाक्य घालायचं आणि आधीची सगळी वाक्यं ओळीनं म्हणून दाखवायची. विसरला तो बाद. आटपाडीत हे जमत नाही. पहिल्या गड्याचं पहिलंच वाक्य जेवणाची हाक आली तरी संपत नाही. म्हणून हे सुधारित नियम.

पट म्हणजे सतरंजी, सोंगट्या म्हणजे चिंचोके. गडी चार तरी हवेत, त्यांत एक सत्तरी ओलांडलेला तात्या. तात्याला कमी ऐकू येत असेल तर उत्तम. त्याच्यापुढं हरकत चालत नाही.

पहिलं घर बहात्तरच्या दुष्काळाचं. आपण किती खडी फोडली, सुकडी कशी लागायची, ते प्रत्येकानं सांगावं. जन्मसाल विचारू नये. १९८० नंतर जन्मलेल्यांना सुकडीची चव जास्त नेमकी आठवते.

स्वतंत्रपूरच्या घरात गर्दी होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची ही खुली वसाहत वसवली. तुरुंग, पण भिंती नाहीत. त्यावरून शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. बारा हात म्हणजे कैदी सहा. हा हिशेब खेळात काढणारा बाद. त्या सहांपैकी आमच्या भावकीच्या वस्त्यांवर भाकरी खाऊन गेलेले कैदीच माझ्या मोजणीनं एकोणीस भरतात.

चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्याला इजा झाली, हे खरं. ‘त्यो बैल आमच्याच दावणीचा’ म्हणणाऱ्याला दोन चिंचोके. दुसऱ्यानं तेच म्हटलं तर त्यालाही दोन. एकाचा बैल कोसा आणि दुसऱ्याचा काजळी निघाला तर भांडू नये. धुतला की खिलार रंग बदलतो, असा तात्याचा निवाडा आहे.

‘बनगरवाडी’च्या घरात पाऊल जपून टाका. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. तिच्यातला मास्तर खरा की रचलेला, हा विषय काढायचा नाही. त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं समोरच बसलेली असतात. आमच्या आज्जाला तर त्यानं छडी मारली होती. आज्जा शाळेची पायरी चढला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

मधेच ‘आसं नव्हतं’ म्हणणाऱ्याचा एक चिंचोका जप्त. ‘आसंबी हुतं’ म्हणणाऱ्याला एक जादा.

ज्याची गोष्ट पुढच्या वर्षी दुसरा कोणी आपली म्हणून सांगतो, तो जिंकला. यंदा तात्यानं माझीच विहिरीची गोष्ट मला सांगितली, त्याच्या स्वतःच्या विहिरीसकट. मी शेवटपर्यंत हुंकार दिला. माझ्यापेक्षा त्यानं बरी सांगितली.

खोक्यातला फासा हरवला आहे. सापडल्यास भाच्याला कळवू नये.