सोळा कोअरचे बिऱ्हाड

बोरीवलीच्या बाभई नाक्यानजीकच्या आमच्या दोन खोल्यांत चिरंजीवांनी संगीतनिर्मितीची कचेरी थाटण्याची तजवीज केली, तेव्हा पहिली दरखास्त रुजू झाली ती तंबोऱ्याची नव्हे, सोळा कोअरच्या प्रोसेसरची. आणि तिच्यापायी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडची दुकाने पालथी घालण्यात आमचे तीन शनिवार खर्ची पडले.

वस्तुतः एकाच ट्रॅकवर ओळीने चढवलेले प्लगइन, म्हणजे आवाजावर संस्कार करणारे छोटे प्रोग्रॅम, एकामागून एकच चालत असल्यामुळे त्यांचा समग्र भार बहुधा एकाच कोअरच्या शिरावर येतो, आणि उरलेले पंधरा, जुन्या दफ्तरातील कारकुनांप्रमाणे, हजेरी लावून स्वस्थ बसतात. शिवाय लेटन्सी, म्हणजे सूर छेडल्यापासून तो कानी पडेपर्यंतचा उशीर, आटोक्यात राहावी म्हणून ४४,१०० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर ठेवला, तर प्रत्येक हप्त्याचा हिशेब सुमारे २.९ मिलिसेकंदांत चुकता व्हावा लागतो. मुदत टळली की स्पीकरमधून 'टक्' असा निषेध उमटतो. "साहेब, एका कोअरचा वेग बघा," असे दुकानदाराने स्वतःचा नफा बुडवून सांगितले. पण असा सज्जनपणा पाहून चिरंजीवांचा संशय उलट बळावला.

पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झालेल्या गीतरामायणाची छप्पन्न गीते एकाही कोअरवाचून पार पडली, असे मी सहज बोलून गेलो.

"बाबा, तेव्हा लेटन्सी कुठे होती?"

यंत्र आले. त्याच्या पंख्याची घरघर माइकमध्ये शिरते, सबब चिरंजीव तूर्त ते बंद ठेवून आजीच्या पेटीवर चाल बसवीत आहेत.