लेकरू पटावर, आपण निवांत

(समावेशक वर्ग चालवू इच्छिणाऱ्या नवशिक्या शिक्षकांसाठी सुलभ मार्गदर्शिका)

अभिनंदन! छत्रपती संभाजीनगरातल्या एका शाळेवर तुम्ही नुकतेच रुजू झालात. मुख्याध्यापकांनी तुम्हाला ऑफिसात बोलावून सांगितले, ‘तुमच्या वर्गात एक स्पेशल लेकरू आहे, जरा सांभाळून घ्या.’ सांभाळून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगायच्या आत त्यांना पोषण आहाराच्या तांदळाचा फोन आला. राहिलेले आम्ही सांगतो. पुढील पायऱ्या काटेकोर पाळल्यास लेकरू पटावर राहील, तपासणीत शाळेला चांगला शेरा मिळेल आणि तुम्हाला तुमच्या शिकवण्यात काडीचाही बदल करावा लागणार नाही.

लागणारे साहित्य

एक जाड फाइल, पंच मशीन, शाळेचा गोल शिक्का, बऱ्या कॅमेऱ्याचा मोबाइल आणि वेळेवर ‘अरेरे’ म्हणण्याची तयारी. ब्रेल पाटी, मोठ्या ठशाची पुस्तके, उठावाचे नकाशे असे काही शाळेला मिळाले असल्यास ते कपाटात आहे. कपाटाची किल्ली बदली होऊन गेलेल्या सरांकडे आहे.

पायरी १ : लेकरू ओळखणे

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते एकवीस केले. त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, थॅलसेमिया आणि सिकलसेलसुद्धा आले. नवशिक्याने एवढे पाठ करत बसू नये. आपल्याकडे तीन प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि ते पुरतात: ढ, वांड आणि नाटकी. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळणारा, वेलांटी भलत्या बाजूला देणारा, जोडाक्षर आले की थबकणारा तो ढ. पाच मिनिटे बूड न टेकणारा तो वांड. घंटा वाजली की कानांवर हात दाबून ओरडणारा तो नाटकी.

एनसीईआरटीचे ‘प्रशस्त’ नावाचे ॲप आहे. त्यातली पहिली पडताळणी वर्गशिक्षकाने मुलांचे निरीक्षण करून भरायची असते. निरीक्षणासाठी मुलाकडे बघावे लागते, एवढाच त्यात धोका आहे. तो टाळण्यासाठी मधल्या सुट्टीत, मुले मैदानावर असताना, सगळीकडे ‘नाही’ भरून टाकावे.

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळू शकते. म्हणून पहिली-दुसरीत पालकांना सांगावे, ‘लहान आहे अजून, येईल आपोआप.’ नववीत सांगावे, ‘फार उशीर केला हो तुम्ही.’ मधली वर्षे आपापल्या हिकमतीवर काढावीत.

पायरी २ : प्रमाणपत्राला पाठवणे

आईवडिलांना फक्त इतके म्हणावे, ‘घाटी रुग्णालयात जाऊन सर्टिफिकेट काढून आणा.’ आधी ऑनलाइन अर्ज करायचा असतो, आधार आणि फोटो लागतात, तपासणीचे वार ठरलेले असतात, जुने उपचाराचे कागद जवळ ठेवावे लागतात, यातले काही सांगू नये. वडील वाळूजला कंपनीत नाहीतर जाधववाडीच्या मोंढ्यात हमालीला असतील. त्यांचा एक रोज बुडेल. एखादा कागद राहिला म्हणून दुसरा बुडेल. गाव सोयगाव किंवा कन्नडकडचे असेल तर एसटीचे तिकीटही जाईल. शेवटी ते थकून म्हणतील, ‘जाऊ द्या मॅडम, राहू द्या ते कागद.’ मग तुम्ही फाइलीत लिहू शकता: ‘पालक उदासीन.’

चुकून कागद झालेच, तर ओळखपत्राच्या पट्टीचा रंग बघून घ्या. पिवळी म्हणजे ४० ते ८० टक्क्यांच्या आतले अपंगत्व, निळी म्हणजे ८० किंवा त्याहून जास्त, पांढरी म्हणजे ४० च्या खाली. पांढरी दिसताच म्हणावे, ‘हा काय, बरा तर आहे!’ ३९ टक्के आणि ४० टक्के यांच्यामध्ये मुलाच्या वाचनात काय फरक पडतो, असे कुणी विचारल्यास झेरॉक्स काढायला निघून जावे.

पायरी ३ : उतार

मलिक अंबरने १६१२ मध्ये या शहरात भडकल दरवाजा उभारला. चाकाच्या वाहनाला त्यातून जाताना एकही पायरी चढावी लागत नाही. आपल्या शाळेला मात्र तीन पायऱ्या आहेत, तेव्हा रॅम्प बांधावा लागेल. नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार हवा, म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट. एवढी जागा दुचाक्यांनी अडवलेली असल्यामुळे सहा फुटांत उरकावे. वर गुळगुळीत फरशी बसवावी, म्हणजे चाकाची खुर्ची वर चढली नाही तरी खाली वेगात येईल. फोटो बाजूने काढू नये, समोरून काढावा. समोरून चढ दिसत नाही.

कमोडचे स्वच्छतागृहही लागते. ते बांधून कुलूप लावावे आणि आत झेंड्याच्या काठ्या, लेझीम आणि जुने फलक ठेवावेत. ‘नळाला किती दिवसांनी पाणी येते, माहीत आहे ना?’ हे उत्तर या शहरात कुणीही खोडून काढत नाही. दहा वर्षांची मुलगी सकाळपासून पाणी न पिता का बसते, हा प्रश्न तपासणीच्या नमुन्यात नाही.

पायरी ४ : विशेष शिक्षक

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या रजनीशकुमार पांडे निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवून दिले, की प्राथमिकला अशा दर दहा मुलांमागे आणि त्यापुढच्या वर्गांत दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. प्रत्यक्षात तुमच्या वाट्याला एक फिरत्या बाई येतील. त्यांच्या स्कूटीच्या डिकीत चित्रकार्डे असतात आणि डोक्यात पुढच्या चार शाळांची चिंता असते. त्या दारात दिसताच उत्साहाने म्हणा, ‘या मॅडम! तुमचं लेकरू तिकडे बसलंय.’ या वाक्यातला ‘तुमचं’ महत्त्वाचा. लेकरू महिन्यातला बहुतेक सगळा वेळ तुमच्याच वर्गात असते, तरी ते त्या बाईंचे, ही समजूत पक्की झाली की निम्मे काम फत्ते. वर्गात काय बदल करावा हे त्या सांगू लागल्या, तर त्यांना ऑनलाइन माहिती भरायला बसवावे.

पायरी ५ : आई

पुष्कळदा आई रोज शाळेत येते आणि चपलांच्या रॅकजवळ बसून राहते. लेकराला शू-शीला नेणे, डबा भरवणे ही कामे तिच्यावर सोपवावीत. ते कशाने बिथरते, कशाने शांत होते, कोणत्या हाताने नीट धरते, मान हलवली की ‘हो’ असते की ‘नाही’, हे सगळे तिला तोंडपाठ आहे. म्हणून तिला काहीही विचारू नये. एकदा विचारले की ती सांगेल, आणि सांगितलेले उपयोगी पडेल.

धोक्याची सूचना

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. काही गोष्टी दिसायला किरकोळ आहेत, पण त्या केल्यास लेकरू शिकू लागते. नवशिक्यांकडून त्या अनवधानाने घडतात, म्हणून यादी देत आहोत.

*कमी ऐकू येणारे मूल :* फळ्याकडे तोंड करूनच बोलावे. वर्गाकडे वळलात, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर पडेल असे उभे राहिलात, तर ते ओठ वाचते. मोठ्याने ओरडायला हरकत नाही, कारण ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो आणि श्रवणयंत्रात आवाज फाटतो. वर्गातला खडखडणारा पंखा दुरुस्त करू नये. तोही आपल्याच बाजूने आहे.

*कमी दिसणारे किंवा न दिसणारे मूल :* गणित शिकवताना ‘ह्याला ह्याने भागलं की हे आलं, मग हे इकडे घेतलं’ ही आपली परंपरागत भाषा सोडू नये. फळ्यावर लिहिलेले प्रत्येक अक्षर बोलत गेलात, ‘बहात्तर भागिले आठ बरोबर नऊ’ असे म्हणालात, तर ते मूल तुमच्या बरोबरीने गणित सोडवते. पुठ्ठ्यावर मराठवाड्याचा नकाशा काढून त्यावर गोदावरीची सुतळी चिकटवणे आणि पैठणला जायकवाडीसाठी एक चिंचोका लावणे हा तर शुद्ध अविचार आहे. खर्च जवळपास शून्य, आणि बोटांना भूगोल कळतो.

*स्वमग्न मूल :* दिवसाचे वेळापत्रक चित्रांत काढून बाकावर चिकटवू नये. घंटा होण्याआधी ‘आता घंटा होईल’ असे सांगू नये. सव्वीस जानेवारीच्या ढोलाच्या तालमीला त्याला सगळ्यांत पुढे उभे करावे. ‘वर्ग डोक्यावर घेऊ नकोस’ असेच म्हणावे. ‘हळू बोल’ म्हटले तर त्याला कळेल.

*हात ताठरणारे, सेरेब्रल पाल्सीचे मूल :* पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून ती जाड करू नये. दहा उदाहरणांऐवजी चार दिल्यास त्याला वजाबाकी येते हे उघड होते. दहाच द्यावीत आणि ‘अपूर्ण’ असा लाल शेरा मारावा.

*बौद्धिक अक्षमता असलेले मूल :* ‘वही काढ, तारीख टाक, समास आख आणि मागचा धडा उघड’ हे एका दमात सांगावे. एका वेळी एकच सूचना दिली तर ते करते. खऱ्या नाण्यांनी हिशेब शिकवू नये. उद्या ते दुकानातून दहाची नोट देऊन उरलेले पैसे बरोबर मोजून आणेल.

*चुळबुळे मूल :* त्याला ऑफिसातून खडू आणायला पाठवू नये. परत आल्यावर ते पंधरा मिनिटे लक्ष देते.

शहरात स्वमग्न मुलांसाठी ‘आरंभ’सारखी केंद्रे आहेत, विशेष शाळा आहेत. अशा ठिकाणी एखाद्या सकाळी जाऊन काही विचारण्याचा मोह होईल. आवरावा.

पायरी ६ : परीक्षा

लेखनिकाची सोय घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ द्यावा, असे केंद्राचे निर्देश आहेत. तीन तासांच्या पेपरला तो एक तास होतो. हात चालत नसेल, दिसत नसेल तर लेखनिक मिळतो. प्रमाणपत्रावर ४० टक्के नसले तरी लिहायला खरोखर अडचण असल्यास लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच विकासकुमार प्रकरणात म्हटले आहे. या सगळ्याचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो. तेव्हा काय करायचे ते तुमच्या लक्षात आलेच असेल. ‘वेळेत’ या शब्दावर भर द्या आणि प्रस्ताव ड्रॉवरमध्ये ठेवा.

पायरी ७ : ३ डिसेंबर

जागतिक दिव्यांग दिन. या दिवशी लेकराला पहिल्या रांगेत बसवावे, हार घालावा, पाहुण्यांच्या हस्ते कंपास पेटी द्यावी. पाहुणे ‘तारे जमीन पर’चा उल्लेख करतील, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात. फोटो ग्रुपवर टाकावा. ४ डिसेंबरला लेकराने आपल्या मूळ जागी, शेवटच्या बाकावर जावे.

नेहमीच्या शंका

*‘याला विशेष शाळेत का नाही घालत?’ असे पालकांना विचारू का?*
अवश्य विचारा. ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती शिक्षकाची, असे कायद्यात कुठेही नाही. पण तुम्ही खुर्चीत बसून विचारता आणि ते उभे राहून ऐकतात, त्यामुळे तसे वाटू शकते.

*बाकीच्या मुलांचे नुकसान होत नाही का?*
होते, आणि धोका इथेच मोठा आहे. फळ्यावरचे मोठ्याने बोललात, सूचना एकेक करून दिलीत, वजाबाकी नाण्यांनी समजावलीत, की कागदावर ‘सर्वसाधारण’ असलेली चाळीस मुलेही धडा समजून घेऊ लागतात. त्यांतली सात-आठ कित्येक वर्षे नुसती माना डोलवत होती, हेही तेव्हाच उघडकीस येते. मग वर्गातून प्रश्न येऊ लागतात आणि अभ्यासक्रम मागे पडतो.

*मुले त्याला चिडवतात. काय करू?*
काही करू नका. मुले तुमच्याकडे बघूनच शिकतात. तुम्ही त्याला नावाने हाक मारलीत, त्याला उत्तर विचारून दहा सेकंद थांबलात, तर मुलेही थांबू लागतील.

*सगळ्या पायऱ्या पाळूनही लेकरू शिकू लागले तर?*
असे घडल्याचे आमच्या कानावर आले आहे. बहुधा शिक्षकाने एखाद्या दिवशी आईला काहीतरी विचारलेले असते, किंवा कपाटाचे कुलूप फोडलेले असते. एकदा सुरू झाले की ते थांबवण्याचा उपाय या मार्गदर्शिकेत नाही. या माहितीसाठी आमच्या तक्त्यात रकानाही नाही, म्हणून ती वरिष्ठांना कळवू नये. तुम्ही आणि तुमचं लेकरू, तुमचं तुम्ही बघून घ्या.