नुसत्या फोडणीचा आवाज

अगं, वाटी पदराखाली कशाला लपवतेस? इकडून दिसते ना मला. ये अशी कुंपणाजवळ. त्या तारेत पदर अडकेल, तेवढं बघ. साखर पाहिजे का तेल? आणि तोंड एवढंसं झालंय, म्हणजे साखरेपेक्षा मोठं काहीतरी आहे. बोल.

हं. वाटलंच होतं मला. तुझा नवरा सायकलवर जायला लागला तेव्हाच मी आमच्या ह्यांना म्हटलं, गाडीत पेट्रोल नाही, व्यायामबियाम काही नाही. तीन महिने पगार नाही म्हणजे काय व माय! एमआयडीसीतून चटयांचे ट्रक भरभरून जातात, डाळीची पोती जातात, आणि कामगाराला ‘पुढच्या आठवड्यात बघू’? नाव घेऊ नको कारखान्याचं. भिंतीला कान असतात, आणि आपल्यात तर भिंतही नाही.

घे, साखर घे. परत करशील तेव्हा शीग लावून दे, एवढंच. मला साखर जास्त हवीय म्हणून नाही गं. शीग लावून परत केली की पुढच्या वेळी मागायला तोंड राहतं, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. दिवेलागण झाल्यावर मीठ मागायला मात्र येऊ नको, ते मी देत नाही कुणाला. बाकी कधीही हाक मार. आणि तुझ्या कढीपत्त्याच्या दोन फांद्या दे तोडून. काही न देता घेऊन गेलीस तर रात्रभर जिवाला लावून घेशील, ओळखते मी तुला.

किराणावाल्याला सांगितलंस का? नाही ना? तिथेच चुकतात सगळे. पैसे असतात तोवर रोख घेतात, संपले की रस्ता बदलतात, त्या गल्लीतूनच जात नाहीत. दुकानदाराला ते आधी कळतं. गिऱ्हाईक दिसेनासं झालं की तो वही काढून बसतो. त्यापेक्षा सरळ जायचं, म्हणायचं, भाऊ, पगार अडकलाय, दोन महिने नावे मांडा, आला की आधी तुमचे. डाळ-तेल-चहा-साबण एवढंच मांडायचं. बिस्किटं, शेव, शाम्पूच्या पुड्या वहीत आल्या की तोच म्हणतो, ह्यांचं काही अडलेलं दिसत नाही. नवऱ्याला पाठवू नको. पुरुष जातात, उगाच गावगप्पा मारतात, न सांगताच परत येतात.

खायचं काय म्हणतेस? अगं, आपण खानदेशातले, आपल्याला गरिबीत खायला कुणी शिकवायला नको. कळणा दळून आण. चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद, मीठ त्यातच घालायचं. त्याची भाकर, वर मिरचीचा ठेचा, कांदा फोडून, तेलाची धार परवडली तर. भाजी लागतच नाही. आता हायवेच्या ढाब्यांवर हीच भाकर ‘खान्देशी स्पेशल’ म्हणून विकतात, गाड्या थांबवून खातात लोक. आम्ही लहानपणी शाळेत डबा झाकून खायचो तिला. घरात भाजीच नसेल त्या दिवशी डुबुकवड्या कर. बेसन जरासं घट्ट कालवायचं आणि उकळत्या रश्शात बोटांनी सोडायचं. पण रस्सा उकळत असतानाच, हां, नाही तर पिठलं होतं. सध्या ऊन कडक आहे तर ज्वारीच्या बिबड्या घाल डबाभर. पावसाळ्यात हाताशी काही नसलं की भाजून तेल-तिखटाबरोबर खाता येतात. पोरांना तर भाजीपेक्षा त्याच आवडतात.

बहात्तरचा दुष्काळ तू कुठला बघायला. मी साक्रीकडची, नऊ-दहा वर्षांची असेन. आई खडी फोडायला जायची दुष्काळी कामावर, मी धाकट्याला कडेवर घेऊन तिच्यामागे. तिथे सुकडी मिळायची. ती आई पदरात बांधून आणायची, स्वतः खायची नाही. रेशनला परदेशातली लाल ज्वारी यायची, तिची भाकर थापली की चिरा पडायच्या, आणि घरभर काय तो वास. पण गंमत सांगते, त्या वर्षी लाज कुणालाच नव्हती. पाटलाची सून आणि आमची आई एकाच ढिगावर बसून हातोडी मारायच्या. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी आली. वि. स. पागे म्हणून होते विधान परिषदेचे सभापती, त्यांची कल्पना. १९७७ ला कायदा झाला, आणि तिच्यासाठी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतात तो आजतागायत. आमच्या ह्यांच्या पगारातून कापला जायचा तेव्हा हे कुरकुरायचे. मी म्हणायचे, कुरकुरू नका, माझ्या आईची मजुरी आहे ती.

वडलांचं आणखी वेगळंच. त्याच बहात्तर साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारला घालायचा, चुकारा हप्त्याहप्त्याने. पुढची कितीतरी वर्षं आमच्या घरात पैशाऐवजी पावत्याच असायच्या. वडील पावती खिशात घेऊन दुकानात जायचे, ती दाखवून गूळ-चहा आणायचे. ती योजना गेली, पण कापूसवाल्याचं नशीब काही बदललं नाही बघ. २०२१-२२ ला भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, सगळ्यांचे डोळे फिरले. पुढच्या वर्षी भाव उतरला तर माझ्या भावाने कापूस विकलाच नाही, ‘दहा हजार होऊ दे’ म्हणाला. मी गेले होते दिवाळीनंतर. ओसरीत कापूस, मधल्या घरात कापूस, पलंगाखाली कापूस. पाहुण्याला बसायला जागा नाही आणि चहाला दूध नाही! पोरांच्या अंगाला खाज सुटलेली. घरात लाखांचा माल आणि वहिनी पोराच्या वहीसाठी माझ्याकडे पन्नास रुपये मागतेय. शेवटी ती काय करायची माहितीये? भाऊ शेतात गेला की पिशवीभर कापूस काढायची, गावातल्या दुकानात घालायची, त्याच्या बदल्यात तेल-साबण आणायची. भावाला कळलंच नाही. एवढ्या ढिगातून पिशवीभर गेला तर कळणार कसा? तो भाव बघत बसला, घर तिने चालवलं. उन्हाळ्यात विकला मग, होता त्याहून कमी भावात.

सोनं? अगं, जळगावात राहून सोन्याला घाबरतेस? गावोगावची माणसं इथे सोनं घ्यायला येतात, आणि घेतात ते असल्या दिवसांसाठीच तर. पण मोडायचं नाही. मोडलेला दागिना परत होत नाही, घडणावळ जाते ती जातेच. गहाण ठेव, तेही बँकेत. किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच देतात. करोनात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० ला ती मर्यादा पंचाहत्तरवरून नव्वदवर नेली होती थोडे महिने. आधी कानातलं ठेव, मग बांगड्या. मंगळपोत शेवटी, आणि शक्यतो नाहीच. मणी, लाख, खडे सोडून निव्वळ सोन्याचं वजन लिहिलंय का, ते पावतीवर तिथल्या तिथे वाच. घरी येऊन वाचून उपयोग नाही. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेव.

आणि तो बुलेटवाला येतो ना गल्लीत संध्याकाळी, ‘ताई, अडचण असेल तर सांगा’ करत? त्याच्या दारात पाऊल टाकू नको. महिन्याला शेकडा दहा घेतो, वर कोरा चेक. माझ्या नणंदेच्या शेजारी एकाने असंच तीस हजारांसाठी शेताच्या खरेदीखतावर सही केली. म्हणे नावापुरतं आहे. नावापुरतंच होतं, नाव बदललं. २०१४ चा सावकारी कायदा आहे, विनापरवाना सावकाराला तुरुंग आहे. असली जमीन परत द्यायचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? पैसे घेतल्याचं त्याने बायकोपासूनही लपवलेलं.

आमचंही ऐक. ह्यांच्या रिटायरमेंटचा पैसा आम्ही पतसंस्थेत ठेवला होता. कुठल्या ते विचारू नको. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून. एक दिवस शटर खाली. आपल्या जिल्ह्यात ज्याला त्याला ही गोष्ट माहीत आहे, प्रत्येकाची पतसंस्था तेवढी वेगळी. ते वर्ष आम्ही मुलाला कळू न देता काढलं. पुण्याहून फोन आला की हे म्हणायचे, मजेत आहोत, आणि मी आत शेगडीवर पाणी तापवत असायचे, कारण सिलेंडर महिना पुरवायचा होता.

करोनाच्या लॉकडाऊनमध्ये मात्र सगळेच उघडे पडले. जनधनच्या बायकांना तीन महिने पाचशे-पाचशे आले, बँकेबाहेर खडूने गोल आखलेले, त्यात चपला ठेवून बायका सावलीत बसायच्या. माणशी पाच किलो तांदूळ फुकट. आता आपण भाकरीवाले, रोज भात खाऊन पोट भरल्यासारखंच वाटत नाही. मी मेलीने त्याचे पापड घातले. शिवभोजन त्याच वर्षी २६ जानेवारीला सुरू झालं होतं, दहा रुपयांत, ते पाचावर आणलं. तिथल्या रांगेत चांगले इस्त्रीचा शर्ट घातलेले लोक असायचे, रुमाल नाकापर्यंत. तेव्हा मास्क होते ते किती जणांच्या पथ्यावर पडलं!

आता एक सांगते, पण तुझ्यापुरतं ठेव. ते कोपऱ्यावरचं घर आहे ना? त्यांचं दुकान चालत नाही दिवाळीपासून. पण रोज अकरा वाजता काकूंच्या खिडकीतून चर्र आवाज येतो. मी आपली म्हणायचे, वा, रोज ताजी भाजी. मग एक दिवस लक्षात आलं, आवाज येतो, वास येत नाही. ना लसणाचा, ना जिऱ्याचा. मी मठाची वाटी घेऊन गेले मुद्दाम. पाहते तर काय, रिकामा तवा तापवून त्यावर पाण्याचा हबका मारत होत्या. मला बघून म्हणाल्या, तवा धुतेय. मीही म्हटलं, हो, आधी तापवला की चांगला निघतो. बोलणार काय?

तेव्हापासून मी त्यांना काही ‘देत’ नाही. एकादशीचा प्रसाद पाठवते, पौर्णिमेचा पाठवते, मारुतीचा पाठवते. प्रसादात वांग्याचं भरीत कुठे असतं म्हणून त्यांनी अजून विचारलेलं नाही. काल तर भाकरीचा प्रसाद दिला.

तू आता असं कर. उद्या सकाळी किराणावाल्याकडे मी येते तुझ्याबरोबर. नवऱ्याला म्हणावं, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कागद, जे असेल ते गोळा कर आणि चौघांनी मिळून कामगार आयुक्तांच्या कचेरीत अर्ज द्या. एकट्याने गेला तर त्यालाच काढतील. आणि आखाजी आलीय तोंडावर. गावाकडे सालदाराचंसुद्धा साल आखाजीला संपतं, मालकाला हिशेब चुकता करावाच लागतो त्या दिवशी, आणि ह्या कारखानदाराला कसली आखाजी नाही न् दिवाळी नाही! तुझी नणंद येणार असेल ना माहेरपणाला? येऊ दे. पुरण माझ्याकडे शिजवू, दोन्ही घरचं एकत्र. रस आंब्याचा नाही जमला तर नाही. झोका मात्र तुमच्या निंबाला बांधू, आमच्या शेवग्याची फांदी मोडेल.

अगं गप, गप. कोपऱ्यावरच्या काकू येताहेत. वाटी वर धर, लपवू नको, त्यांनाही बघू दे.

काय हो काकू, झाला का स्वयंपाक? आज काय केलंय? इथवर फोडणीचा वास सुटलाय तुमच्या!